कच्च्या अळूचा पाहुणचार

मुळगावचे कृष्णनाथ मास्तर निवृत्त झाले आणि समोर वर्ग नसल्यामुळे त्यांचं सगळं बोलणं घरच्यांच्या वाट्याला आलं. त्यातून एकदा ते मांद्र्याला गोपाळ नावाच्या मित्राकडे गेले. गोपाळाच्या भाड्याच्या खोल्यांत एक म्हातारा परदेशी पाहुणा राहत होता. तो म्हणे वर्षानुवर्षं कच्ची फळं, पाला आणि भिजवलेली कडधान्यं यांवरच जगत होता, आणि या वयातही माडावर चढत होता. (उतरायला शिडी लागली, हे गोपाळाने नंतर सांगितलं.)

मास्तर भारावून परतले. गणेश चवथ झाली, गणपती पोचवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, की आजपासून विस्तवाला शिवलेलं अन्न बंद, दूध-दही बंद, मासळी तर बंदच. त्यांच्या पत्नी देवकीबाई त्या क्षणी परसात विसवण, म्हणजे सुरमई, कापत बसल्या होत्या. सणाचे इतके दिवस शिवराक, बिनमासळीचं जेवून सगळ्या गावाची जीभ मासळीकडे लागलेली, आणि यांना हे सुचलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "अहो, ताप वगैरे नाही ना?"

त्यांच्या मुलीला, सेजलला, वेगळाच धक्का बसला. ती डिचोलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कच्चं खा, पण बी-ट्वेल्व्ह कुठल्याच पाल्यात मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागेल, प्रोटीन आणि लोहाचंही बघावं लागेल, असं तिने बजावलं. मास्तरांना गोळी मान्य नव्हती. ती कारखान्यात कुठल्या आचेवर शिजवली असेल, कोण जाणे. मोड आलेले मूग, ओलं खोबरं, केळी, काकडी यांवर त्यांनी दिवाळीपर्यंतचे दिवस काढले. पोहे बघून डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा ते तोंड फिरवून कच्च्या अन्नाचे फायदे सांगायचे.

दिवाळीनंतर सेजलने त्यांचं रक्त तपासलं. लोह घसरलं होतं. मास्तर हादरले, पण हार मानतील तर मास्तर कसले? पान जितकं काळपट हिरवं तितकं लोह जास्त, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं, आणि त्यांची नजर विहिरीपाशी माजलेल्या अळूवर गेली.

नेमके त्याच दिवशी पेडण्याहून सेजलला बघायला पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं होतं. मुलगा किरण मोपाच्या विमानतळावर कामाला, शिकलेला, आणि त्याचा फोटो बघून सेजलने चक्क दुसऱ्यांदा बघायला मागितला होता. देवकीबाई बाजारात गेल्या होत्या, सेजल न्हाणीघरात होती. मास्तरांनी अळूची चांगली जून पानं मिक्सरमध्ये घातली आणि मोठा पेलाभर रस एका दमात घशाखाली उतरवला.

देवकीबाई पाव घेऊन परतल्या, तेव्हा मास्तर विहिरीच्या काठावर जीभ बाहेर काढून बसले होते. ओठ सुजून वर आले होते, आणि घशातून शब्दाऐवजी नुसती हवा येत होती. मिक्सर बघून सेजलच्या सगळं लक्षात आलं. आमसुलाचं पाणी पाजत दोघींनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसवून ठेवलं, आणि श्वास ठीक आहे हे पाहून घरी सोडताना सांगितलं, "मास्तर, अळू शिजवून खायचं हे माणसाला कधी कळलं ठाऊक नाही, पण तुमच्या आधी नक्की कळलंय. आज बोलायचं नाही. थंड काहीतरी घ्या." मास्तरांनी वाटेत आईस्क्रीम खाल्लं. दूध कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारताच येत नव्हतं.

घरी पोचतात तो पाहुणे दारात. मुलाचे वडील बाबुराव आणि आई विनोदिनी. किरणची ड्युटी होती. मास्तर हात जोडून, सुजल्या तोंडाने नुसते हसले. देवकीबाई शरमेने अर्ध्या झाल्या होत्या. कच्च्या अळूची गोष्ट सांगितली, तर घरात सगळेच असे, असं पाहुण्यांना वाटायचं. म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "यांना बोलता येत नाही."

विनोदिनीबाईंनी कळवळून विचारलं, "कधीपासून हो?"

देवकीबाईंच्या डोक्यात ते कच्चं खाणंच. "चवथीपासून," त्या म्हणाल्या. "आम्ही किती सांगितलं, पण ऐकतच नाहीत."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर बाबुराव मास्तरांशी खुणांनी बोलू लागले. पाऊस कसा झाला, हे त्यांनी बोटं नाचवून विचारलं. मास्तर थक्क होऊन बघत राहिले. उसळ-पाव खाता खाता बाबुराव बायकोला मोठ्याने म्हणाले, "माणूस सज्जन दिसतो. तोंड तेवढं फणसासारखं आहे, पण मुलगी आईवर गेली आहे." फणस समोरच बसून ऐकत होता. आयुष्यात प्रथमच त्याला उत्तर देता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी किरण येऊन सेजलला भेटला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आणि होकार आला. तोवर मास्तरांचा घसा पूर्ण बरा झाला होता. लोहाच्या आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि भातही. त्यांनी आनंदाने स्वतःच पेडण्याला फोन लावला.

"मी कृष्णनाथ मास्तर बोलतोय."

पलीकडून बाबुरावांनी चाचरत विचारलं, "तुम्ही बोलता?"

मास्तर बोलले. कच्च्या अन्नाचं तत्त्व, मांद्र्याचा पाहुणा, अळूतले घशात रुतणारे सूक्ष्म काटे, शाळेतले अनुभव, शिवाय लग्नात वऱ्हाडी मंडळींपुढे करायच्या भाषणातला काही भाग. बाबुरावांचा हुंकार हळूहळू बारीक होत गेला.

शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तुम्हांला वाचा यावी म्हणून आमच्या हिने देवाला नारळ बोलला होता. तो फोडायचा की नाही, ते आम्ही घरात विचारून ठरवतो."