शून्य अंशाच्या पायऱ्या

गेल्या दसऱ्याला आमच्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवरून हेमलताच्या आईचा लाकडी हत्ती घरंगळला आणि त्याची सोंड मोडली. (पायऱ्या मी लावल्या होत्या. सोंडही मीच चिकटवली. आता ती पाठीकडे बघते.) जयनगरात सोळा वर्षं राहून हेमलतानं इथल्या कानडी बायकांसारखी नवरात्रात बाहुल्या मांडायची रीत उचलली आहे. यंदा तिनं बजावलं, "अहो, एक जरी बाहुली पडली, तर पुढच्या वर्षीपासून पायऱ्या शिवलीलाअक्काच लावतील."

शिवलीलाअक्का म्हणजे समोरच्या दारातल्या, मूळच्या निपाणीच्या. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात एकवीस वर्षं काढलेला माणूस. प्रश्न इभ्रतीचा होता.

सपाटी बघायची सुताराची पाणसळ विकत आणली असती, तर काम दहा मिनिटांचं होतं. मी ती फोनवर बनवायचं ठरवलं. आपण किती कललोय हे फोनला कळतंच; ते ब्राउझरमधून विचारायचं आणि पडद्यावर पाणसळीतल्यासारखा बुडबुडा हलवायचा. वेब पेज असलं की कुठल्याही फोनवर चालेल, असं मी डायरीत लिहिलं (आणि खाली रेघ मारली). एकोणीस संध्याकाळी गेल्या. फोन आडवा धरला की डावं-उजवं आणि वर-खाली यांची अदलाबदल होई, तेही निस्तरलं. शेवटी माझा अँड्रॉइड जेवणाच्या टेबलावर ठेवून शून्य कायमचं पक्कं केलं.

घटस्थापनेच्या सकाळी हेमलतानं तेच पेज तिच्या आयफोनवर उघडलं. पहिली पायरी शून्य. दुसरी शून्य. नऊच्या नऊ शून्य.

"इतकं सरळ आपल्या घरात काहीच नाही," ती म्हणाली.

मांडणी बघायला आलेल्या शिवलीलाअक्कांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि कपाटाला टेकवून उभा केला.

"भावजी, हे काय ओ? उभा केला तरी शून्यच. स्वल्प बघा की."

मी बघितलं. बटण दाबून परवानगी दिल्याशिवाय आयफोन हे माप सांगतच नाही. माझ्या पेजनं परवानगी मागितलीच नव्हती, आणि उत्तर आलं नाही की ते शून्य धरून चालत होतं.

"तुमच्यावरच गेलंय," हेमलता म्हणाली. "काही ऐकू आलं नाही की सगळं ठीक आहे म्हणायचं."

मी बटण टाकलं. बुडबुडा हलला. पुठ्ठे सरकवत दुपारपर्यंत नऊही पायऱ्या खऱ्याखुऱ्या शून्यावर आणल्या.

नऊ दिवसांत वरच्या मजल्यावर पोरं नाचली, दारात पाण्याचा टँकर थरथरला, पण एकही बाहुली जागची हलली नाही. हत्तीसुद्धा नाही. "सरी, मान्य, भावजी. हरले मी," अक्का चारचौघांत म्हणाल्या. सोसायटीनं मला शाल दिली आणि वर एक वीतभर लांबीची खरी पाणसळ.

घरी येऊन ती मी पायऱ्यांवर ठेवली. प्रत्येक पायरीवर बुडबुडा पुढच्या टोकाला पळाला. मग जेवणाच्या टेबलावर ठेवली, तर तो माझ्या खुर्चीपासून लांब गेला. बारा वर्षं ताटातली आमटी माझ्याच अंगावर का येते, ते आत्ता कळलं. शून्य याच टेबलावर पक्कं केलेलं, आणि पायऱ्यांवर फोन उलट्या तोंडानं ठेवलेला; म्हणून टेबल जेवढं माझ्याकडे कललेलं, तेवढ्याच नऊही पायऱ्या भिंतीकडे कलल्या होत्या. बाहुल्या पडणार कशा?

मी पुठ्ठा घेऊन टेबलाखाली शिरलो.

"बाहेर या," हेमलता म्हणाली. "त्या टेबलाला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी शून्य त्यावरच लावायचंय. तुम्ही आमटी वाटीत घेत जा."