थोरले दीर आणि नवा कॅमेरा

विजेचं मला सांगू नका! घरोघरचे मीटर जिथं तपासायला येतात, त्या कचेरीत माझं टेबल आहे. बिघडलेला मीटर माझ्यापुढे ठेवला की तो मुकाट्याने खरं बोलायला लागतो, असं आमचे साहेब म्हणतात. (एकदाच म्हणाले. पण म्हणाले!) घरात मिक्सर कण्हला, पंखा रुसला, इस्त्री गारठली की हाक मलाच. तेव्हा आमच्या थोरल्या दिरांचं आणि नणंदेच्या नव्या कॅमेऱ्याचं जुळवून द्यायची वेळ आली, ते काम माझ्याइतकं बेमालूम दुसऱ्या कुणाला जमणार होतं, सांगा!

थोरले दीर म्हणजे फ्लॅश. माणूस नव्हे हो, फ्लॅश! मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हयातभर फोटो स्टुडिओ चालवला. संसार मांडला आणि मूलबाळ व्हायच्या आधी हा फ्लॅश घरात आणला. विटेएवढा, आणि विटेएवढाच जड. "हा आपला थोरला," असं त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं. मग पुढे जन्मलेले आमचे हे आपोआप धाकटे झाले आणि नणंद शेंडेफळ. मी सून म्हणून आले तेव्हा मामंजींनी माझीही ओळख करून दिली, "हा तुझा थोरला दीर. याच्यासमोर डोळे मिटायचे नाहीत!"

बटण दाबलं की थोरले आधी चिलटासारखे गुणगुणत. सूर चढत चढत पार टोकाला जाई, पाठीवरचा लाल दिवा लागे, म्हणजे थोरले तयार. मग भक्क! त्या उजेडात नवी नवरी लाजली, त्याच उजेडात तान्हं दचकलं, त्याच उजेडात कुणाचा म्हातारा शेवटचा ताठ बसला. अख्खं गाव त्या उजेडात एकेकदा न्हाऊन निघालं. पुढे हाताहातांत मोबाइल आले, स्टुडिओचं दार लागलं, आणि थोरले मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात गेले.

यंदा नणंदेने ते दार पुन्हा उघडायचं ठरवलं. नोकरी सोडली, साठवलेलं सगळं ओतून नवा कॅमेरा घेतला. तळहातावरच्या फोडासारखं जपते त्याला! उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं. आणि दुसरा कॅमेरा घ्यायचं म्हटलं तर तिच्याकडे आता फक्त उत्साह शिल्लक होता.

अशात एका सकाळी मामंजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "भिंतीवरचा पहिला फोटो आपल्या घरचा. आणि तो थोरल्याच्या उजेडात निघेल. त्यानंतर थोरला तुझा, पोरी."

नणंदेचे डोळे भरून आले. सासूबाईंनी नाक पुसलं. माझे डोळे मात्र नुसतेच विस्फारले!

कारण असं. फ्लॅशच्या पायाशी धातूची टोकं असतात. तो पाय कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवायचा, आणि कॅमेरा तिथून त्याला 'हं, आता!' अशी खूण करतो. जुने कॅमेरे दणकट. त्या टोकांत किती का व्होल्ट असेनात, ते ढिम्म. नव्या कॅमेऱ्याच्या पोटात मात्र सगळी नाजूक कशिदाकारी. पाच-सहा व्होल्ट सोसेल बिचारा. त्याहून जास्त आले की कशिद्याला भोक!

नाही म्हणावं तर मामंजींचं मन मोडणार. हो म्हणावं तर नणंदेचा कॅमेरा. मी ठरवलं, कुणाला कळूच द्यायचं नाही. थोरल्यांना मी गुपचूप सरळ करणार!

दुपारी मामंजी लवंडल्यावर मी थोरल्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. पायाला कुणीतरी काळी, कळकट चिकटपट्टी गुंडाळलेली. "शी! किती वर्षांचा मळ!" म्हणत ती नखाने सोलून केरात टाकली. बटण दाबलं. थोरले गुणगुणले, लाल दिवा लागला. मी माझ्या व्होल्ट मोजायच्या मीटरची एक सुई मधल्या टोकाला टेकवली, दुसरी कडेच्या पट्टीला. मीटरचा आकडा पळत सुटला आणि दोनशेच्या पार जाऊन थांबला.

"अगंबाई! थोरल्याला सुया कसल्या टोचतेस?" दारात सासूबाई!

"हळू बोला, आई! दोनशेच्या वर आहेत."

"काय?"

"व्होल्ट! कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेरा मेलाच म्हणून समजा. पण मी बघते सगळं. तुम्ही फक्त कुणाला काही बोलू नका."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. आणि खरंच नाही निघाला. पण त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं, ते मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मी बाजारात जाऊन एक 'डोळा' आणला. बोटभर वस्तू. ती थोरल्यांच्या कुशीतल्या भोकात वायरने खुपसायची आणि थोरल्यांना बाजूला वेगळ्या स्टँडवर उभं करायचं. कॅमेऱ्याने स्वतःचा इवलासा फ्लॅश उडवला की डोळा तो बघतो आणि थोरल्यांना उडवतो. मधे ना वायर, ना स्पर्श. दुरून नजरानजर, बस्स! जुन्या फ्लॅशना हा चालतो ना, हे दुकानदाराकडून तीनतीनदा वदवून घेतलं.

मामंजींना म्हटलं, "थोरल्यांनी आता कुणाच्या डोक्यावर कशाला बसायचं? त्यांना मानाचं वेगळं आसन देऊ या."

"दे की," मामंजी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की माझी तयार केलेली चार वाक्यं वायाच गेली.

तरी धोका नको म्हणून ह्यांना बजावलं, "मामंजी थोरल्यांना घेऊन कॅमेऱ्याकडे निघाले, तर काहीही करून त्यांना अडवा."

"काहीही म्हणजे?"

"काहीही!"

उद्घाटनाचा दिवस उजाडला. स्टुडिओ घासूनपुसून लखलखीत. सगळी मंडळी ठेवणीतल्या कपड्यांत. मी खाली बघितलं, आणि बघतच राहिले. प्रत्येकाच्या पायात रबरी सपाता! ह्यांच्या कोटाखाली निळ्या. नणंदेच्या पायात दोन रंगांच्या दोन. आत्याबाई, म्हणजे मामंजींची बहीण, नखशिखान्त नटलेल्या. फक्त नखांशी न्हाणीघरातल्या हिरव्या सपाता.

"वहिनीने दारातच माझ्या नव्या चपला काढून घेतल्या!" आत्याबाई कडाडल्या. "कारण विचारलं तर तोंडाला कुलूप!"

"आई, हे काय?" मी सासूबाईंच्या कानात कुजबुजले.

"मी कुणाला एक शब्द बोलले नाही. रबरातून वीज जात नाही, एवढं मलाही कळतं. तूही घाल."

"मला नको. मी त्यातली जाणकार आहे," म्हणून मी अनवाणीच राहिले. हे वाक्य लक्षात असू द्या!

तेवढ्यात मामंजींनी थोरल्यांना उचललं आणि ते कॅमेऱ्याच्या दिशेने निघाले. मी ह्यांना डोळ्याने खुणावलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वडिलांकडे, आणि काही न सुचून, झाड आडवं पडावं तसे मामंजींच्या पायांपुढे सपशेल पडले!

"अरे! काय झालं?"

"काही नाही, बाबा. जरा... बरं वाटलं."

"बरं वाटलं म्हणून आडवा झालास? ऊठ! मला खिडकीतल्या कॅमेऱ्याच्या पिशवीतून फडकं घ्यायचंय, थोरल्याची काच पुसायला."

काच पुसली. थोरले स्टँडवर विराजमान झाले. सगळे ओळीने उभे राहिले, स्टँडपाशी टोकाला मी. नणंदेने कॅमेरा तिपाईवर लावला, दहा मोजून आपोआप फोटो निघेल असं केलं आणि धावत ओळीत आली. भक्क! खोली दुधाने धुतल्यासारखी उजळली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

नणंदेने फोटो बघितला. काळोख! काळोखात फक्त आत्याबाईंचे दात.

पुन्हा. भक्क! पुन्हा काळोख, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले.

पुन्हा. आता मी डोळा काढून फुंकला, वायर हलवली, थोरल्यांना दोनदा थोपटलं. काळोखच! नणंदेचा चेहरा उतरत चालला. मामंजी नुसते थोरल्यांकडे बघत राहिले. आपलं म्हातारं माणूस चारचौघांत अडखळलं की घरचा माणूस बघतो, तसे.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "त्याचं वय झालं."

"थांबा, बाबा!" नणंद म्हणाली. "उजेड तर पडतोय. मग जातो कुठं? तुम्ही बाजूला उभे राहून बघा बरं."

मामंजी ओळीतून बाहेर आले. तिने पुन्हा बटण दाबलं. मामंजींच्या भुवया वर गेल्या.

"अगं, तुझा कॅमेरा दोनदा लुकलुकतोय! आधी जरासा, मग खरा."

नणंदेने कपाळावर हात मारला. "हो की! आधी एकदा उडवून किती उजेड लागेल त्याचा अंदाज घेतो तो. फोटो काढतो दुसऱ्या वेळेला."

"आणि आमचा थोरला पहिल्याच हाकेला धावून मोकळा होतो," मामंजी हसायला लागले. "जुन्या वळणाचा आहे. बोलावलं की लगेच यायचं, एवढंच त्याला शिकवलंय."

नणंदेने कॅमेऱ्यात कायसं बदललं. "आता एकदाच हाक मारेल. बाबा, तुम्हीच दाबा बटण."

"मी? या तुझ्या नव्या कॅमेऱ्याचं?"

"थोरला तुमचं ऐकतो."

मामंजी तिपाईमागे वाकले. किती वर्षांनी! पाठीची तीच कमान, हवेत उचललेला तोच डावा हात. थोरले गुणगुणू लागले, सूर चढू लागला. माझ्या मनात आलं, स्टँड जरासा कलला आहे, सरळ करावा. उत्साहाने घामेजलेला हात मी थोरल्यांच्या बुडाखाली घातला. सोललेल्या, उघड्या पायाशी.

काय सांगू! झिण्ण! बोटांपासून कोपरापर्यंत लाल मुंग्या! "आई गं!" म्हणून मी जी उडाले, ती थेट वर! आत्याबाई किंचाळल्या, ह्यांनी आधारासाठी आत्याबाईंनाच धरलं, सासूबाई "तरी सांगत होते, सपाता घाल!" म्हणाल्या, आणि नणंद जी हसत सुटली, तिचं बघून सगळेच.

आणि आयुष्यभर अशाच क्षणाची वाट बघितलेल्या बोटाने बटण दाबलं. भक्क!

या वेळी काळोख नव्हता. मामंजींनी त्या इवल्या पडद्यात बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. "उमटलाय," म्हणाले. नणंदेने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग ते माझ्याकडे आले. मी हात झटकत बसले होते.

"पायाला बोट लावलंस ना? अगं, दोनशे व्होल्ट असतात त्यात! चुकून कुणी नव्या कॅमेऱ्यावर चढवू नये, म्हणून मी स्वतः चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती." त्यांनी वाकून थोरल्यांचा पाय बघितला. "पट्टी कुणी काढली?"

सगळ्या सपाता माझ्या दिशेला वळल्या.

तो फोटो आता स्टुडिओत दारासमोरच लावलाय. सगळी मंडळी खदखदून हसताहेत. थोरलेही कडेला आलेत, म्हणजे एक पांढराशुभ्र गोळा. आजवर सगळ्यांना उजेडात आणणारे थोरले पहिल्यांदाच घरच्या फोटोत आले. आणि त्यांच्या शेजारी जमिनीपासून वीतभर वर, अनवाणी, मी. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "ह्या कोण?"

"आमच्या वहिनी," नणंद सांगते. "घरातलं विजेचं सगळं त्याच बघतात."

असू दे. तुम्ही कधी आलात तर एवढं मात्र नीट निरखून बघा. थोरल्या दिरांसमोर मी डोळे मिटलेले नाहीत!