सेतुराव डिस्क घेतात

सेतुराव कुठलीही वस्तू घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "हें मरतें कसें?" मिक्सर असो, पंखा असो, चपला असोत. दुकानदार वस्तूचे गुण सांगायला सरसावलेला असतो, तो गडबडतो. मग सेतुराव शांतपणे म्हणतात, "चालतें कसें तें सगळेच सांगतात. मरतें कसें तें सांग, म्हणजे घ्यावें की नाही तें मी ठरवतों."

वेस्ट मांबलमला आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. मी बदलीवर नाशिकहून आलेली. ते तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. आमच्याकडे पुस्तकांतूनही गेलेले अनुस्वार त्यांच्या नाकात अजून शाबूत आहेत, आणि वाक्य तमिळ चालीवर वर जाऊन संपतं. गिंडीच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला भाग यंत्राला लावून मोडेपर्यंत ताणायचा, आणि कुठे मोडला ते बघायचं. निवृत्तीनंतर ताणायला काही उरलं नाही म्हणून ते दुकानदारांना ताणतात, असं आम्ही घरी म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. मला बोलावून त्यांनी तो आवाज ऐकवला.

"कण्हतेय," ते म्हणाले. "आतां फार दिवस नाही काढायची."

मी एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची डिस्क, बसवायला सुचवलं. आत फिरणारं काही नसतं, आवाज नाही, आणि कॉम्प्युटर चटकन सुरू होतो.

"चटकन म्हणजे किती चटकन?"

मरणाच्या प्रश्नाआधी त्यांनी दुसरा कुठला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. इंटरनेटवर ते फक्त एक तारा दिलेली मतं वाचत. "ज्यांचें मेलें त्यांचेंच वाचावें, अम्मा. ज्यांचें चालतेंय त्यांना अजून कांही माहीत नाही." सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोरून निधनवार्ता यायची. "ती निळ्या डब्यातली गेली. भोपाळला. लग्नाचे फोटो घेऊन गेली." दुसऱ्या दिवशी, "स्वस्तातली काळी. वर्षसुद्धा नाही काढलें. एका पोराचा सगळा प्रबंध बुडाला." माझ्या नवऱ्याने तर आमच्या लॅपटॉपशी हळू बोलायला सुरुवात केली होती.

शेवटी एका शनिवारी मी त्यांना ऑटोत घालून रिची स्ट्रीटला, कॉम्प्युटरच्या बाजारात नेलं. दुकानदार जाडजूड, घामाघूम, पण सरळ माणूस होता. सेतुरावांनी त्याला ठरलेला प्रश्न तमिळमध्ये विचारला.

"आवाज न करता जाते, सार. आज आहे, उद्या नाही."

"आधी कांही सांगत नाही?"

"बहुतेक नाही. म्हणून कॉपी दुसरीकडे ठेवायची."

सेतुरावांनी सगळ्यात महागडी डिस्क मागितली. दुकानदार म्हणाला, तुमच्या जुन्या मशीनमध्ये तिला जागाच नाही, पैसे फुकट जातील. आणि ही बिननावाची स्वस्त मी तुम्हाला देणार नाही, तुम्ही रोज येऊन विचाराल. त्याने मधल्या भावाची, सीलबंद, पाच वर्षांच्या वॉरंटीची डिस्क पुढे केली.

"वॉरंटीत काय मिळतें?"

"नवी डिस्क."

"आणि आंतलें?"

"आतलं तुमचं, सार. ते कंपनी कुठून देणार?"

सेतुरावांनी त्याच डिस्कचं पक्कं बिल करून घेतलं, शिवाय कॉपीसाठी एक बाहेरून जोडायची डिस्क घेतली.

घरी पोचलो तर मामी दारातच उभ्या होत्या. मामी म्हणजे त्यांची पत्नी. "मोहन आला नाही अजून?" त्यांनी विचारलं.

मोहन त्यांचा एकुलता एक मुलगा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मामींना त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. त्यानंतर त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली, आणि सगळ्यात आधी त्या विसरल्या ते त्याचं जाणं.

"आहे ना, ये, दाखवतों," म्हणत सेतुरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटर लावला. कटकट सुरू झाली. पडदा काळाच. मामी थोडा वेळ बसल्या, मग उठल्या, दाराशी गेल्या, कडी काढून जिन्यात डोकावल्या. "मोहन?" त्यांचा आवाज चढत गेला. सेतुरावांनी हाताला धरून परत आणलं. पडद्यावर जुन्या व्हिडिओतला मोहन दिसू लागला तेव्हा मामी रडत होत्या, आणि कशासाठी ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"फोनवर दाखवा ना," मी हळूच म्हटलं.

"फोनात तो लहान दिसतो. तिला वाटतें, लांब गेला."

दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या नवऱ्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं. बटण दाबलं, मामी पदर सावरून बसेपर्यंत मोहन हजर. सेतुराव भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

काही आठवडे बरे गेले. मामी विचारत, मोहन लगेच येई, आणि जिन्याचं दार बंद राही. सेतुराव मला म्हणाले, "चांगली निघाली, अम्मा." त्यांनी कुठल्या वस्तूला चांगलं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

परवा दुपारी पोळ्या द्यायला गेले. पडद्यावर मोहन गॅलरीत उभा राहून डोसा खात होता, कॅमेऱ्यासमोर हात धरून हसत होता. मामी कौतुकाने बघत होत्या.

"गोड आहे पोरगा," त्या म्हणाल्या. "कुणाचा हो?"

सेतुरावांचा हात माऊसवर थांबला.

"आहे एका ओळखीच्यांचा."

"आई आहे त्याला?"

"आहे."

"मग बरें," मामी म्हणाल्या.

चित्र संपून पडदा थांबला. सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अजून एकदां बघायचा?" त्यांनी मामींना विचारलं.

"दाखवा की," मामी म्हणाल्या, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या.