निवृत्त घोड्याचे वाहन

घोडा निवृत्त केव्हा होतो, हा प्रश्न संस्थान विलीन होईपर्यंत कोल्हापुरात कुणाला पडला नव्हता. घोडा पागेत जन्मे, पागेत म्हातारा होई आणि एक दिवस पागेतच आडवा होई. मधल्या काळात त्याच्या दर्जाची कुणी चौकशी करीत नसे. विलीनीकरणानंतर पागा मोडली, आणि उरलेल्या म्हाताऱ्या घोड्यांचा सरकारने सहानुभूतीने विचार केला. पागेशी संबंध असलेल्यांनी एकेक घोडा सांभाळावा, त्याचे गवत सरकारने द्यावे, असे ठरले. अट एकच होती. घोडा कामास निरुपयोगी असला पाहिजे.

शिवाजी पेठेतल्या त्र्यंबकरावांच्या वाट्याला दिवाण आला. त्र्यंबकरावांना सगळी पेठ अप्पा म्हणे. ते पागेचे कारकून. जन्मभर त्यांनी घोड्यांच्या गवताचा हिशेब ठेवला. एका पेंढीची खोटी नोंद त्यांच्या हातून झाली नाही, आणि एकदाही ते घोड्यावर बसले नाहीत. दिवाण हा उंचापुरा, करड्या रंगाचा घोडा. संस्थानातले बाकीचे दिवाण कोट उतरवून घरी बसले, हा एकटा सरकारी शिध्यावर राहिला, असे पेठेत म्हणत. अप्पांच्या घरी आता तिघे होते : अप्पा, मुलींच्या शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी कालिंदी, आणि परसातला दिवाण.

वर्षातून एकदा घोडा तपासणीसाठी कागलला न्यायचा असे. पहिल्या वर्षी अप्पा दिवाणाचा लगाम हातात धरून त्याच्या बरोबरीने चालत कागलला गेले. वाटेत दोघांनी हवे तिथे विसावा घेतला. तपासणी अधिकाऱ्यांनी घोडा पाहिला, तो कुठून आला ते विचारले, आणि शेरा मारला : "घोडा कोल्हापुराहून चालत आला. सबब कामास योग्य. खडीच्या गाडीस जुंपण्यास द्यावा."

अप्पांनी लेखी हरकत घेतली. घोडा आणला नाही तर तो मेला असे धरता, आणि चालवत आणला तर तो धडधाकट ठरवता. तेव्हा निरुपयोगी घोड्याने हजर कसे व्हावे, एवढेच त्यांनी नम्रपणे विचारले होते. हरकत रास्त होती. सरकारने ती मान्य केली आणि निवृत्त घोडे यापुढे वाहनासह हजर करावेत असा हुकूम काढला. हुकूम अप्पांच्या नावाने घरी आला तेव्हा अप्पा नव्हते. ते चैत्रात गेले.

कालिंदीने पाकीट फोडले, वाचले आणि परसात जाऊन दिवाणापुढे उभी राहिली. अप्पांच्या खोकल्याची वेळ झाली की दिवाण अजून घराकडे कान वळवी. त्या घरात अप्पांची वाट बघणारे दुसरे कुणी उरले नव्हते. कालिंदीला निदान ठाऊक तरी होते. त्याला खडीच्या गाडीला जाऊ द्यायचे नाही, एवढे तिने ठरवले.

घोडा वाहून नेणारे वाहन कसे असावे, हे ठरवण्यासाठी अश्ववाहक निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष तपासणी अधिकारी, ज्यांना सगळे साहेब म्हणत; त्यांनी पुण्याच्या रेसकोर्सवर बरेच घोडे लांबून पाहिले होते. सभासद दोन. एक बाळासो, जुने मानकरी, बिजली नावाच्या घोडीचे धनी. दुसरे गडमुडशिंगीचे बापूसो, पागेला हरभरा पुरवणारे व्यापारी. त्यांच्याही पदरात एक घोडी पडली होती. कालिंदीला वारस म्हणून बोलावले होते. तिला मत देता येणार होते, पण ते मोजायचे नव्हते.

"मालकांना वाहनात कोणती वैशिष्ट्यं सर्वांत मोलाची वाटतात, ते एकेकानं सांगावं," साहेब म्हणाले.

"गाडी बंदिस्त पायजे," बाळासो म्हणाले. "चारी अंगांनी. आत घोडं हाय का न्हाय, ते भाईरनं कुणाला दिसता कामा न्हाय. मानकऱ्याच्या जनावराला दिष्ट लागती."

बाळासोंची बिजली पहिली तपासणी झाली त्याच महिन्यात मेली, हे सगळ्या पेठेला ठाऊक होते. फक्त तिच्या गवताला ठाऊक नव्हते. ते दर महिन्याला वेळेवर येई.

"बाकडं पायजे बघा, गादीचं," बापूसो म्हणाले. "घोडी जाणार वरसातनं एकदा. बाकीचं दिस गाडी काय पुजायची हाय? घरच्यास्नी बाहुबलीच्या दर्शनाला न्ह्याला बरी पडंल. आन् बाजूला खिडक्या, पडद्याच्या. आमच्या राजमतीला वारं लागतंय."

"लागतंय म्हंजे सोसत न्हाय, का पायजे?" बाळासोंनी विचारले.

"लगीन होऊन वीस वर्सं झाली, मला अजून कळल्यालं न्हाय. म्हणून पडदं."

साहेबांनी स्वतःच्या वतीने सोबतच्या अधिकाऱ्यासाठी खुर्ची, लिहायला मेज आणि कागदपत्रांसाठी फळ्या सुचवल्या. मग कालिंदीकडे पाहिले.

"खाली काथ्या हवा, पाय घसरू नयेत म्हणून," ती म्हणाली. "चढायला उतरती फळी हवी. आणि समोर खिडकी. पुढचा रस्ता दिसला नाही तर घोडा बिथरतो, असं अप्पा म्हणत."

"अप्पा कोण?"

"माझे वडील."

"ते समितीवर आहेत का?"

"ते वारले."

"मग त्यांचं मत नोंदवता येणार नाही," साहेब हळहळून म्हणाले. "शिवाय समोरून धूळ येईल."

"आन् फुडनं कोण बघंल, ते येगळंच," बाळासो म्हणाले.

समोरची खिडकी एकमताने नामंजूर झाली.

"पण आत घोडा उभा राहिला पाहिजे," कालिंदी म्हणाली. "त्याची उंची कुणी मोजली आहे का?"

तो विषय पुढच्या बैठकीत घ्यायचे ठरले. पुढच्या बैठकीत रंग कोणता द्यावा यावर फार वेळ गेला.

गाडी शिवाजी पेठेतल्या जोतीराम मिस्त्रीने बांधली. लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी मोटारींच्या सांगाड्यांवर तो लाकडी टप उभारून देई, आणि घेतलेले काम नकाशाबाहेर तसूभर जाऊ देत नसे. हिरवा रंग, पितळी कड्या, पडद्यांना झालर. गाडी बघायला सगळी पेठ लोटली. ज्याने जन्मात घोडा पाळला नव्हता तोही चाकावर टिचकी मारून "घोड्याला बरी हाय" असा निर्वाळा देऊन गेला. तालमीतल्या पोरांनी फुटबॉलच्या सामन्याला मागितली. दोघांनी वरातीसाठी विचारून ठेवले. घोडा कुठे बसतो, हे मात्र कुणी विचारले नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी तालमीतल्या पोरांनी गाडी ढकलत कालिंदीच्या दारात आणली. दिवाणाला फळीजवळ नेले. आत खुर्ची होती, मेज होते, फळ्या होत्या, गादीचे बाकडे होते. उरलेल्या जागेत एखादी शेळी मान वाकडी करून उभी राहिली असती.

"मिस्त्री, हा मावणार कसा?" कालिंदीने विचारले.

"गाडीत काय दोष न्हाय बाई," जोतीराम म्हणाला. "मंजूर नकाशापरमानं हाय. घोडं नकाशाभाईर हाय."

तेवढ्यात समिती आली. नव्या वाहनातून समितीने एकदा स्वतः प्रवास करून अभिप्राय द्यावा, असे कलम होते. साहेब खुर्चीवर बसले, बाळासो आणि बापूसो बाकड्यावर. दार लागले, पडदे ओढले गेले. आतून साहेबांचा आवाज आला :

"निघायला हरकत नाही."

कालिंदी आणि जोतीरामने गाडीच्या पुढे पाहिले; तिथे नुसत्या रिकाम्या दांड्या होत्या. गाडीच्या आत काय काय असावे याचा विचार करण्यात समितीचे सहा महिने गेले होते. ती ओढायला पुढे काय असावे, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

"साहेबाची जीप लावायची का?" जोतीरामने हळूच विचारले.

"सरकारी पेट्रोलवर खाजगी जनावर नेता येत नाही. मागेच कळवलंय त्यांनी."

"बैल समदं उसाच्या गाड्यांस्नी हाईत."

कालिंदीने हुकूम पुन्हा वाचला. 'घोडा वाहनासह हजर करावा.' घोडा वाहनाच्या आत असावा की पुढे, याविषयी हुकूम गप्प होता. दसऱ्याची झेंडूची माळ सोडली तर अप्पांनी दिवाणाच्या गळ्यात कधी काही घातले नव्हते. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. एक दिवस गाडी ओढली नाही आणि नुसताच चालत गेला, तर जन्मभर खडी ओढावी लागेल.

"जुंपा," ती म्हणाली. "सावकाश."

जोतीराम मागून चाकाला हात देत राहिला, कालिंदी लगाम धरून दिवाणाच्या बरोबरीने चालली. रबरी टायर हलके फिरत होते, एवढीच जोतीरामची पुण्याई. उचगावच्या फाट्याजवळ दिवाण आपणहून थांबला. कालिंदीने ओढले नाही. चिंचेखाली एक दगड होता. त्यावर एक माणूस बसेल, चंची काढेल, पान लावील, खोकेल, इतका वेळ दिवाण उभा राहिला, आणि मग चालू लागला. गोकुळ शिरगावच्या अलीकडे विहिरीपाशी तो असाच थांबला. पुढे ओढ्याच्या पुलावर पुन्हा. मागच्या वर्षी अप्पा कुठे कुठे बसले होते, ते कालिंदीला त्या दिवशी कळले. तिने प्रत्येक ठिकाणी त्यांचे पान खाऊन होऊ दिले.

आतून बोलणे ऐकू येत होते.

"थांबे अगदी नियमित आहेत," साहेब म्हणाले. "लिहून घेतो."

"धक्का म्हणून न्हाय बघा," बापूसो म्हणाले. "घोडीला झोप लागंल ह्यात."

"घोडा कुठं आहे पण?" साहेबांनी विचारले.

"असंल की हितंच कुटंतरी," बाळासो म्हणाले. "गाडीच त्येची हाय."

कागलला समिती मागच्या दाराने उतरली. साहेब चहाला गेले, बापूसो त्यांच्यामागून. बाळासो पाय मोकळे करायला म्हणून गाडीला वळसा घालून पुढे आले आणि उभे राहिले. दिवाणाच्या अंगावर फेस होता. कालिंदीच्या वहाणा हातात होत्या. बाळासोंनी खांद्यावरचे जरीकाठी उपरणे काढले आणि दिवाणाची मान, छाती, पोट पुसून काढले. मग जोतीरामला म्हणाले, "सोड की आता. का साहेबाला आरती कराय बोलवू?"

साहेब चहा घेऊन आले तेव्हा दिवाण गाडीच्या बाजूला, झाडाला बांधलेला होता. साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हा इतका घामाघूम कसा?"

"परवास सोसत न्हाय त्येला," बाळासो म्हणाले. "म्हातारं झालंय."

शेरा पडला : "सुखकर वाहनातून आणूनही घोडा थकलेला आढळला. कामास पूर्णपणे निरुपयोगी. गवत चालू ठेवावे."

मग बिजलीची पाळी आली. बाळासो बंद गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आत हाय. पर दार उघडलं की लाथा झाडती."

साहेब नुकतेच त्याच दारातून उतरले होते. पण आतले जनावर बाहेरून दिसू नये, हे वैशिष्ट्य समितीने मंजूर केलेले होते, त्यावर अध्यक्ष म्हणून त्यांचीच सही होती, आणि शंका घेणे म्हणजे समितीवर अविश्वास दाखवणे झाले असते. त्यांनी लिहिले : "घोडी आत. आतून तक्रार नाही."

दिवाण वाचला, असे कालिंदीला वाटले. पंधरवड्याने दुसरा हुकूम आला. वाहनाचा प्रवास अत्यंत सुखावह असल्याचे समितीच्या अनुभवास आल्यावरून तपासणी यापुढे दर महिन्यास घेण्यात येईल. समिती वाहनातूनच येईल. कालिंदीने कचेरीत जाऊन विचारले की गाडी ओढणार कोण. घोडा कामास निरुपयोगी ठरला असल्यामुळे तो जे करील ते काम नव्हे, असे तिला समजावून सांगण्यात आले.

ती तशीच बाळासोंच्या घरी गेली.

"बाळासाहेब, मेलेला घोडा कागदावर जिवंत कसा ठेवायचा, ते तुम्हाला येतं. जिवंत घोडा मारायचा कसा?"

बाळासोंनी पानाचे तबक पुढे सारले. "लई सोपं. तपासणीला न्ह्यायचाच न्हाय. आपसूक मरतंय."

"आणि त्याचं गवत?"

"बिजलीचं येतंय की. मेल्यापास्नं तिची भूक जरा कमी झालीया."

एकाही पेंढीची खोटी नोंद नसलेली अप्पांची वही कालिंदीच्या डोळ्यांपुढे होती.

"अप्पांना हे आवडलं नसतं," ती म्हणाली.

"व्हय. लिवणारा मानूस खरा हुता," बाळासो म्हणाले. "पर बाई, त्येनी खरं लिवलं म्हणून तर ही गाडी आली."

दिवाण पुढच्या महिन्यात हजर झाला नाही. यथावकाश कचेरीतून पत्र आले. एका निष्ठावंत सेवकाच्या निधनाबद्दल सरकार कालिंदीच्या दुःखात सहभागी होते, त्याच्या दीर्घ सेवेचा गौरव करीत होते आणि त्याच्या आत्म्यास शांती चिंतीत होते. खाली तीन सह्या होत्या. कालिंदीने ते परसात नेऊन दिवाणाला वाचून दाखवले. अप्पा गेले तेव्हा असे पत्र आले नव्हते.

तेव्हापासून मेलेल्या घोडीचे गवत मेलेला घोडा खातो. संध्याकाळी कालिंदी शाळेतून येते, त्याच्याजवळ उभी राहते, आणि कधी कधी उगाच खोकते.

गाडी मात्र चालू आहे. आधी महिन्याला जात असे, मग बाजाराच्या दिवशी जाऊ लागली. सध्या ती बापूसोंची घोडी ओढते म्हणतात. तीही निरुपयोगी ठरलेली आहे. पेठेतले पुष्कळ लोक आता तिनेच कागलला जातात. उतरल्यावर गादीची, पडद्यांची, धक्का न बसण्याची तारीफ करतात. वळसा घालून पुढे जाऊन आले ते एकटे बाळासो. समोर एक खिडकी हवी होती, असे अजून कुणी म्हटलेले नाही.

परवा आपणही त्या गाडीने जाऊन आलात, असे कळते. गादी मऊ आहे ना?