दाजींचं जावा सर्टिफिकेशन

परीक्षेला काय काय वाचायचं, एवढंच मी देवेशला विचारलं होतं. पुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. (सोनियाचं म्हणणं वेगळं आहे, पण गोष्ट मी सांगतोय.)

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर्सला आहे. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकमध्ये आहे ते कॉम्प्युटरला सांगायचं, आणि कॉम्प्युटरनं चुकीचं दाखवलं की उठून स्वतः शोधायचं, एवढं माझं काम. फार पूर्वी मी थोडं प्रोग्रॅमिंग शिकलो होतो आणि ते बायोडेटात जरा ठळक अक्षरात लिहिलं होतं. नव्या मॅनेजरनं नेमकं तेच वाचलं.

"गोकुळराव, आपली सिस्टिम आता जावामध्ये येतेय. तुम्ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेशन करून टाका. पास झालात तर सिस्टिम तुम्हीच सांभाळा."

"आणि नाही झालो तर?"

"तर होसूरच्या प्लांटला स्टोअर्समध्ये जागा आहेच की."

होसूर तमिळनाडूत आहे हे मी मोबाइलवर बघितलं आणि मला दरदरून घाम फुटला. सोनिया, म्हणजे माझी बायको, इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती नोकरी सोडून येणार नाही, म्हणजे मी एकटाच जाणार. टॉवेल कुठं आहे ते विचारल्याशिवाय ज्याची आंघोळ होत नाही, तो माणूस होसूरला टॉवेल कुणाला विचारणार, आणि कुठल्या भाषेत? मला खरंच फार भीती वाटली.

देवेश आमच्याकडं कॉलेजातून नुकताच आलेला इंजिनीअर. तो म्हणाला, "सर, सोप्पंय. क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, एनकॅप्सुलेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्शन. एवढं करा, बास."

मला जरा हायसं वाटलं. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो तर तो समोर येऊन म्हणाला, "सर, इंटरफेसही करा." चहाच्या वेळी त्याला एक्सेप्शन आठवलं. संध्याकाळी शिफ्टच्या बसमध्ये तो मागच्या सीटवरून ओरडला, "सर, कलेक्शन्स राहिलं!" अख्ख्या बसनं माझ्याकडं वळून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून देवेश दिसला की मी रॅकच्या मागं लपू लागलो.

अभ्यासाची माझी एकच पद्धत. शाळेत इतिहास केला तसा जावाही मोठ्यानं पाठ करायचा. गॅलरीपासून ओट्यापर्यंत मी येरझाऱ्या घालायचो आणि कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून म्हणायचो, "कन्स्ट्रक्टरला रिटर्न टाइप लागतोच! अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासचा ऑब्जेक्ट थेट बनतो!" भूक गेली. वजन उतरलं. (पोट नाही उतरलं, गाल उतरले.) कढीत मीठ बरोबर आहे का, असं सोनियानं विचारलं तरी मी घाबरून म्हणायचो, "पर्याय दे."

शेवटी तिला ते बघवेना. तिनं गंगापूरला भावाला फोन लावला, आणि अशा रीतीनं या परीक्षेत कचरू शिरला.

कचरू माझा मेहुणा. घरचा ऊस आहे, कापूस आहे, पण तालुक्यात त्याचं नाव आहे ते वेगळ्याच कामासाठी. त्याच्या तरुणपणी तिकडं दहावी-बारावीच्या पेपरला पोरगं एकटं जायचं नाही. एक नातेवाईक गाडी चालू ठेवून थांबायचा, एक गेटवर लक्ष ठेवायचा आणि एक भिंतीवर चढून उत्तरं पुरवायचा. कचरू भिंतीवरचा. (कॅमेरे आणि भरारी पथकं आल्यापासून यात पहिली मजा राहिली नाही, असं तो हळहळून सांगतो.)

"दाजी, टेन्शन घेऊ नका. मी येतो," तो फोनवर म्हणाला.

"अरे, ही तसली परीक्षा नाही! कॉम्प्युटरवर असते. खिसे झाडून आत घेतात. चारी बाजूंनी कॅमेरे असतात."

"व्हय व्हय. सुरवातीला समदेच असं म्हणतेत."

परीक्षेच्या दिवशी तो सेंटरच्या गेटवर माझ्या आधी हजर. सासूबाईंनी दिलेला दहीसाखरेचा डबा माझ्या हातात देऊन तो इमारतीकडं बघत उभा राहिला. आधी पाइप बघितला, मग खिडक्या, मग एसीच्या जाळ्या. बाजारात बैल पारखतात तशी त्यानं ती इमारत पारखली.

"पहिलाच मजला हाय. लई सोपं हाय."

"काय सोपं आहे?"

"पेपर ओ, दाजी! दुसरं काय?"

आपल्यावर कुणाचा तरी एवढा विश्वास आहे हे बघून मला भरून आलं. (इतका मी भोळा.)

आत सुपरवायझर म्हणून मनस्विनी मॅडम होत्या. त्यांनी माझं घड्याळ काढलं, पट्टा काढला, रुमाल काढला, चष्मा उलटा करून बघितला. "ओठ हलवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. ओठ न हलवता मला विचार करता येत नाही, पण हे सांगायचं धाडस झालं नाही. पहिला प्रश्न आला. चारही पर्याय ओळखीचे होते आणि चारही बरोबर वाटत होते.

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिले, एसी बंद पडला. सगळ्यांना उकडायला लागलं म्हणून मॅडमनी खिडकी सरकवली, आणि खिडकीत कचरूचं डोकं आलं.

"दाजी! ओ दाजी!"

या जगात मला आजवर कुणी दाजी म्हटलेलंच नाही, अशा चेहऱ्यानं मी स्क्रीनकडं बघत राहिलो.

"ओ गोकुळ दाजी! इकडं बघा की! हिरवा शर्ट!"

खोलीत हिरवा शर्ट एकच होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. खड्याला गुंडाळलेला एक कागद कीबोर्डवर आदळला आणि माझ्या पायाशी पडला. मी त्यावर बूट ठेवला. बाहेर काहीतरी धपकन खाली पडलं आणि वॉचमनची शिट्टी वाजली.

"पाय उचला," मॅडम म्हणाल्या.

"पायात गोळा आलाय, मॅडम."

"उचला!"

मी पाय उचलला. आता बाहेर काढणार, कंपनीला कळवणार. होसूरला तरी इज्जतीनं गेलो असतो, आता तेही नाही. मॅडमनी कागद उलगडला. अक्षर सोनियाचं होतं, फळ्यावर असतं तसं गोल. मी रोज ओरडून म्हणायचो ते तिनं ऐकून शब्दन् शब्द उतरवलं होतं. (दाजींना गेटवर वाचायला देतो, असं सांगून कचरूनं तिच्याकडून ते लिहून घेतलं होतं.)

मॅडमनी कागद एकदा वाचला. कपाळाला आठी घालून पुन्हा वाचला.

"ही उत्तरं कुणाची?"

"माझीच. माझं पाठांतर आहे ते. देवाशपथ, मी मागवलं नव्हतं."

"म्हणजे तुम्ही हेच पाठ करून आलात?"

"दीड-दोन महिने झाले, मॅडम."

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग एकदम गेला. "काका, यातलं एकही बरोबर नाही."

"एकही?"

"एकही. परीक्षार्थ्याला मदत होईल असं साहित्य सापडलं तर कारवाई करा, असा नियम आहे. यानं कुणाला काय मदत होणार? बसा. वेळ जातोय तुमचा."

त्या कागद घेऊन गेल्या आणि मी पुन्हा स्क्रीनसमोर बसलो. डोकं पूर्ण रिकामं झालं होतं. अभ्यास म्हणावा असं जवळ काही उरलंच नव्हतं. मग मी एक केलं. जो पर्याय वाचून मला आतून "हेच! हेच!" असं वाटेल तो आधी सोडून दिला, आणि उरलेल्यांत ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटली त्यावर क्लिक केलं. शेवटपर्यंत तसंच. बटण दाबून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्क्रीनवर पास लिहिलं होतं. अगदी काठावर, पण पास.

बाहेर कचरू वॉचमनबरोबर तंबाखू मळत बसला होता. गुडघा फुटला होता, पण चेहरा खुशीत होता.

"दाजी, चिठ्ठी कामी आली ना?"

"आली," मी म्हणालो. खोटं बोललो, असंही म्हणता येईना.

घरी गेलो तर सोनिया पोळ्या लाटत होती. होसूर टळलं हे ऐकून तिनं आधी डोळ्यांना पदर लावला. मग मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "आज मला एक मोठी गोष्ट सापडली. जे मला अगदी बरोबर वाटतं, ते सोडून बाकीचं करायचं. काम होतं."

सोनियानं पोळी तव्यावर टाकली.

"अहो, लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करते?"