खालच्यांचं खातं

या व्यवहारात कोणाला काय मिळणार होतं, ते आधी बघून घ्या. मोठ्या साहेबांना मिळणार होती सोडून गेलेल्या माणसांची नावं वगळलेली, मेलखात्यांची स्वच्छ यादी. आणि मला, म्हणजे तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत एसीच्या घरघरीशी संसार थाटून बसलेल्या माणसाला, मिळणार होती वरच्या मजल्यावर, चार माणसांत, एक खुर्ची! साहेबांनी तसा शब्दच दिला होता. जुनी मेलखाती साफ करा, नव्या मांडणीत तुम्हाला वर घेतो. मी लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, शेजारी बोलणारं माणूस आहे ना, ते आधी बघ.

हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी वर जाऊन सांगूनही आलो.

आमच्याकडे गंमत अशी, की मेल राहतो क्लाउडवर आणि माणसाचं लॉगिन राहतं खाली, माझ्या सर्व्हरवर. दोघांची गाठ बांधलेली. नुसता मेल पुसला, तर रात्रीतून सर्व्हर क्लाउडला कळवतो, अहो, हा माणूस आहे की आमच्यात! सकाळी खातं पुन्हा हजर. निवृत्त झालेल्या स्टोअरकीपर काकांचं खातं तर ऐन जेवायच्या वेळी टपकणाऱ्या पाहुण्यासारखं रोज परत यायचं. शेवटी मी चिडलो आणि मुळावरच घाव घातला. लॉगिनच उडवलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : असा वापरकर्ता अस्तित्वात नाही. ती काकांबद्दल नव्हती. माझ्याबद्दल होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. काका रोज पासवर्ड विसरायचे, रोज जिना उतरून माझ्याकडे यायचे आणि नवा पासवर्ड घेता घेता गुडघ्यांपासून सुनेपर्यंतची हकीकत ऐकवायचे. त्या गुडघ्यांची दया येऊन मी त्यांचं लॉगिन माझ्याच लॉगिनला जोडून टाकलं होतं, म्हणजे त्यांना पासवर्ड लागायलाच नको. ओळख एक, नावं दोन. काम इतकं चोख झालं, की काका पुन्हा कधी खाली आलेच नाहीत. आता मात्र जाताना मला बोटाला धरून घेऊन गेले.

पुसलेलं खातं परत आणता येतं. पण तो अधिकार फक्त सर्व्हरच्या व्यवस्थापकाला, आणि व्यवस्थापक कोण, तर नुकताच पुसला गेलेला मी.

डोकं शांत करायला बाहेर चक्कर मारून आलो, तर दारावर कार्ड चालेना. वॉचमनने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मशीन म्हणतंय, असा माणूसच नाही."

"अहो, मी रोज तुमच्यासमोरून जातो."

"जात असाल," तो म्हणाला.

तिथूनच क्लाउडवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "खातं देऊ ना परत. फक्त ऑफिसात तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का, सर?"

प्रश्न नियमातला होता. उत्तर शोधायला मी वॉचमनच्या वहीत पाहुणा म्हणून सही केली.

छातीवर 'पाहुणा' असा बिल्ला लावून वर गेलो. हिशेबनीस बाईंना माझा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. त्यांनी विचारलं, एसी दुरुस्तीवाले ना? विक्री विभागातला मिशाळ म्हणाला, ओळखतो की, हे आपले 'खालचे'! पण पूर्ण नाव विचारताच त्याने न वाजलेला फोन उचलला. शेवटी मोठ्या साहेबांनी माझ्याकडूनच माझं नाव विचारून घेतलं आणि ते मला चांगले ओळखतात, असं हेल्पलाइनला ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी मी पुन्हा अस्तित्वात आलो. पण तोवर साहेबांनी ती स्वच्छ यादी घेऊन वरची मांडणी उरकली होती. ज्याचं नाव यादीत, त्याला जागा. माझं नाव तेव्हा नव्हतं. माझ्या दाराबाहेरच्या प्रिंटरचं होतं, कारण स्कॅन केलेले कागद पाठवायला त्यालाही मेलखातं आहे. दोन हमाल आले आणि त्याला उचलून वर घेऊन गेले.

"यादी तुमच्याच हातची आहे," साहेब समजुतीने म्हणाले. "आणि खाली कसं, शांतता असते तुम्हाला."

तर जमाखर्च असा. साहेबांना यादी मिळाली. काकांचं काहीच गेलं नाही, कारण लॉगिन ते स्टोअरच्या नोंदींपुरतंच वापरायचे, मेल त्यांनी कधी उघडलाच नव्हता. प्रिंटर चार माणसांत बसला. दिवसभर त्याच्याभोवती गप्पा रंगतात. पूर्वी कागद न्यायला हीच माणसं खाली यायची, दारात घटकाभर थांबायची. आता कोणी उतरत नाही. कागद अडकला, तरच मला वर बोलावणं येणार.

पण प्रिंटर फार चांगल्या जातीचा निघाला. अडकतच नाही.