हजर नसलेले परबकाका

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीची मासिक सभा. हजर: खजिनदार देसाई, दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन, सेक्रेटरी म्हणून मी आणि परबकाका. शेवटचं नाव लिहायला घेतलं, तर काकांनी वहीवर हात ठेवला.

"वयनी, मी नाय असा समजा."

"अहो, समोर बसलाय तुम्ही."

"बसलंय खरां. पण मोजू नकात."

परबकाका गिरणीतून निवृत्त झालेले कारकून. पत्नी गेलेली. पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात ते, मुलगा सुधीर आणि सून नंदा. सुधीरचं लग्न झाल्यापासून काकांनी नसण्याचा सराव सुरू केला होता. दुसरे लोक योगासनं करतात, तसा रोज, नेमाने. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. शिंक आतल्या आत. चालण्याचा आवाज शून्य. नळावर पाणी भरताना मान वळवावी, तर ते मागे उभे. कधीपासून, ते कळत नसे. माझं दूध दोनदा सांडलं. दारावरच्या पाटीवरून त्यांनी स्वतःचं नाव खरवडून टाकलं. मग भिंतीवर बायकोच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो लावला आणि त्याला हार घातला.

"हे काय, काका?"

"पोरांका सवय होऊ दे."

नंदा रोज सकाळी तो हार काढायची. संध्याकाळी तो पुन्हा फोटोवर असायचा.

डिसेंबरात शहाबेन माझ्याकडे आल्या. "सेक्रेटरीबेन, माझ्या वरती कोणी खोकते. वर तर कोणी राहतच नाही ने."

खरंच कोणी राहत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटच्या मालकाचे असे चार फ्लॅट होते. भाव चढेपर्यंत चारही बंद. पाणी गळलं तर असावी म्हणून एक चावी माझ्याकडे होती. संध्याकाळी सहा वाजता मी वर गेले. कुलूप दिसलं नाही. ढकलताच दार उघडलं.

आत लादीवर बोटभर धूळ. धुळीत पावलं होती, दारापासून आतल्या खोलीपर्यंत, पण सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही. मी भित्री नाही. तरी चावी घट्ट धरली.

आतल्या खोलीत भिंतीला टेकून, वर्तमानपत्रावर काका बसले होते. माझ्याआधी सेक्रेटरी तेच होते. त्यांच्याकडे एक चावी राहून गेली होती. जाताना ते आपल्याच पावलांत पाय ठेवून उलटे चालत जात. कोणाला कळू नये म्हणून.

"किती दिवस?"

"लगीन झाल्यापासून. नंदा हापिसातून येता तवापासून जेवणापर्यंत. इतक्याच."

"सुधीरला काय सांगता?"

"भजनाक जातंय म्हणून."

ते सांगू लागले. "दर रविवारी दोघां जागा बघूक जातत. आधी हयसर बोरीवलीत बघल्यांनी, मग दहिसर, आता विरार. हे पैसे जमवतत, तोवर भाव फुडे. मी कारकून, चौथी शिकलेलो, पगारात जागा घेतलंय. माझो झील, सुधीर, माझ्यापेक्षा चौपट कमावता. तेका एक भिंत परवडत नाय." मग म्हणाले, "एकदा तो तिका म्हणा होतो, आपल्याक दाराक कडी घालूक कधी गावतली? मी सैपाकघरात जागोच होतंय."

मी दार ओढून खाली आले. सभेत विषय काढला नाही. पण देसायांना शहाबेनकडून खोकल्याचं कळलं, आणि त्यांनी मालकाला कळवलं. जानेवारीत मालकाचं पत्र आलं: एवढ्यात विकायचं नाही, भाडेकरूही नको, कुलूप मात्र ताबडतोब बदला.

नवं कुलूप त्याच दिवशी आणलं. संध्याकाळी साडेसहाला ते घेऊन मी जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर परबांचं दार बंद होतं, आतून कडी. आत नंदा कशाला तरी मोठ्याने हसत होती. लग्न होऊन आल्यापासूनच्या आठ महिन्यांत तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या मजल्यावर काहीही आवाज नव्हता.

माझ्या यादीत त्या आठवड्याची बाकीची सगळी कामं झाली आहेत. टाकी धुऊन घेतली, जिन्यातला बल्ब बदलला. कुलूप अजून पिशवीत आहे.